हॅडॉक: पापलेटाला पर्याय की मासळीची पेज?

नवी_अबर्डीनकरीण

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे (तेल कंपनी, अबर्डीनला दुसरं काय असणार) गेले आठ महिने इथे आहोत. मी मूळची रत्नागिरीची. खिडकीतून समुद्र दिसतो, पण त्यातलं ओळखीचं एकही तोंड नाही. मासेवाल्याच्या दुकानात सगळं पांढरंशुभ्र, कापून, सोलून मांडलेलं. डोकं नाही, शेपूट नाही, कल्ले उघडून बघायची सोय नाही. मी बापडी काय निवडणार? त्यालाच विचारलं, सगळ्यात साधा मासा कुठला? म्हणाला, हॅडॉक घेऊन जा, अख्खं स्कॉटलंड तेच खातं.

पहिल्यांदा आईच्या पद्धतीने कालवण केलं. ओलं खोबरं, मिरची, धणे, हळद वाटून, कोकम घालून. मासा घातला, पंधरा मिनिटं उकळलं. झाकण काढलं तर तुकड्या गायब! टोपात मासळीची पेज. दुसऱ्यांदा रवा लावून तळला. उलटायला गेले तर रवा तव्याला, मासा कालथ्याला. नवरा म्हणे, "चवीला पनीर आहे गं." आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की याला वास येत नाही, तर ती म्हणाली, "वास नाही? मग मासा कसला तो!"

तर प्रश्न असा: हॅडॉक किंवा कॉड आपल्या पद्धतीने होतोच का? की हा नाद सोडून फ्रोझन पापलेट शोधू?

ठाणे_स्लो

मी पहिला! फ्रोझन पापलेट. पुढचा प्रश्न?

शुद्ध_साबुदाणा

मी शाकाहारी, तरी उत्सुकता म्हणून विचारते. चवीला पनीर असेल तर सरळ पनीरच का नाही आणत? (हलकेच घ्या.)

तिरफळ

शुद्ध_साबुदाणा, तुमका नमस्कार. धागो वाचलात ह्याच उपकार.

नवी_अबर्डीनकरीण, माशाक चव नाय म्हणतस? पापलेटाक तरी खंय मोठी चव असता! मसालो धुवून काढा आणि मगे खावन बघा. आमच्याकडे जुनी माणसं पापलेटाक पाहुण्यांचो मासो म्हणत. घरच्यांका बांगडो.

चार्ल्सकाठचा

तिरफळ यांना +१. पापलेट हा मुंबईकरांचा गर्व आहे, चव नव्हे. मारा दगड.

बॉस्टनला सोळा वर्षं काढली. इथे हॉटेलात "स्क्रॉड" नावाचा मासा मिळतो. पहिली दोन वर्षं मी त्याला वेगळा मासा समजत होतो. मग कळलं, छोटा कॉड किंवा छोटा हॅडॉक, त्या दिवशी जे ताजं असेल ते. आपल्याकडे "मिक्स भाजी" म्हणतात तसं. आणि एक सावधगिरी: ब्लॅक कॉड नावाचा महाग मासा दिसला तर तो कॉड नव्हेच, वेगळ्याच कुळातला आहे, लोण्यासारखा तेलकट. आपल्या कालवणात तो फार छान लागतो, पण खिशाला कॉड वाटत नाही.

ठाणे_स्लो

बासा पण असाच पांढरा असतो की. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळीकडे तोच. कशाला एवढी चर्चा?

मत्स्यमुनी

ठाणे_स्लो, बासा समुद्रातला नाही. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात पाळलेला गोड्या पाण्यातला मासा आहे, शिंगाळ्याच्या जातकुळीतला. रंग सोडला तर कॉडशी काही संबंध नाही.

आता मूळ प्रश्नाबद्दल, कारण माझ्या पोटापाण्याचा विषय आहे आणि अशी संधी वारंवार येत नाही.

बांगडा, तारली हे सतत पोहणारे मासे. त्यांचं तेल मांसातच साठतं. म्हणून मांस गडद, चव भरभक्कम आणि वासही तसाच. कॉड आणि हॅडॉक थंड पाण्यात तळाजवळ राहतात, गरज पडली तर एक झेप घेतात आणि पुन्हा निवांत. तेल साठवतात ते यकृतात. लहानपणी नाक दाबून गिळलेल्या कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्या आठवा. सगळा वास तिकडे गेला, म्हणून मांस इतकं सोज्वळ. शंभर ग्रॅममागे चरबी एक ग्रॅमसुद्धा नाही, प्रथिनं अठराच्या आसपास.

पेज होण्याचं कारणही सोपं आहे. या माशाच्या मांसाचे जाड पापुद्रे असतात आणि त्यांना धरून ठेवणारं पटल फार पातळ. आच लागली की ते विरघळतं आणि पापुद्रे सुटतात. मासा आतून साठ अंशांच्या थोडं वर गेला की शिजलेला असतो. तुम्ही त्याला पंधरा मिनिटं रटारटा उकळलंत. बिचारा काय करणार?

नवी_अबर्डीनकरीण

बापरे, मत्स्यमुनी, धन्यवाद! म्हणजे चूक माझी, माशाची नाही. पण सुरमईची तुकडी तर पंधरा मिनिटं उकळूनही तशीच राहते?

मत्स्यमुनी

सुरमईचं मांस घट्ट, शिवाय आपण ती आडवी कापतो. मधला काटा आणि भोवतीचं कातडं तुकडी बांधून ठेवतात. तुम्हाला मिळतो तो काटा काढलेला, बहुतेक कातडंही काढलेला फिले. त्याला धरायला कोणी नाही. पुढच्या वेळी कातड्यासकट मागा. किंवा अख्खा हॅडॉक मागवून तुकड्या करून घ्या.

खारवलेली

इथे मला बोलायलाच हवं, कारण मी हे सगळं भोगलंय. सहा वर्षं मँचेस्टर, त्याआधी वसई.

हॅडॉकला पापलेट समजू नका, बोंबील समजा. ओल्या बोंबलाचं आपण काय करतो? तो पाणीच पाणी असतो, म्हणून चिरून, मीठ लावून, वर पाटा नाहीतर जड काहीतरी ठेवून दडपतो. पाणी गेलं की मगच रवा. हॅडॉकलाही अगदी तेच. अर्ध्या किलोला एक चमचा मीठ, पाऊण तास फ्रीजमध्ये, उघडाच. बाहेर काढाल तेव्हा ताटलीत पाणी साचलेलं दिसेल. ते ओतून द्या, कागदाने दोन्ही बाजू टिपून कोरड्या करा. वजन ठेवायची गरज नाही, बोंबलाइतका तो लेचापेचा नाही.

मग हळद, तिखट, आलं-लसूण अगदी थोडं. ओलं वाटण थापू नका, तेच सुटतं. आधी तांदळाचं पीठ, मग बारीक रवा. तेल नीट तापलं की घाला आणि हात मागे घ्या! तीन मिनिटं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आपण सगळ्या उलटायची घाई करतो. कड सोनेरी झाली की मासा स्वतःच तवा सोडतो.

तळायला शेपटीकडचा पातळ भाग, कालवणाला पाठीचा जाड भाग. दुकानदाराला सांगितलं तर तो तसं देतो.

बोंबलाचा_फॅन

"हॅडॉकला बोंबील समजा" हे वाचून डोळे पाणावले. आमच्या बोंबलाला शेवटी आंतरराष्ट्रीय मान मिळाला.

तिरफळ

खारवलेली, पटला. पण कालवणाचा काय?

खारवलेली

कालवण पूर्ण शिजवून, चव बघून, कोकम टाकून तयार ठेवायचं. नेहमीपेक्षा थोडं दाट. मग मीठ लावून टिपलेल्या तुकड्या अलगद सोडायच्या, एक बारीक उकळी येऊ द्यायची, गॅस बंद, झाकण. पाच-सात मिनिटं. डाव घालायचा नाही, टोप दोन्ही कानांना धरून गोल हलवायचा. माझी सासू पापलेटालाही असंच करते, म्हणजे ही काही साहेबाची युक्ती नाही. आणि जेवायला बसायच्या आधी दहा मिनिटंच करा. सकाळचं कालवण रात्री मुरल्यावर छान लागतं ना, ते सुख इथे विसरायचं. परत गरम केलंत की पेज.

चार्ल्सकाठचा

मुरलेलं कालवण नाही? मग मी पनीर गटात.

नवी_अबर्डीनकरीण

खारवलेली ताई, तुम्ही आतापर्यंत कुठे होतात! शनिवारी करून बघते. एक शंका: धुवायचा का? मी लिंबू-हळद लावून तीन पाण्यांनी धुतला होता. दुकानातला मुलगा म्हणाला, अजिबात धुवू नका.

ठाणे_स्लो

न धुता मासा? शी.

मत्स्यमुनी

फिले आधीच स्वच्छ केलेला असतो. धुतलात तर तो आणखी पाणी धरतो आणि सिंकभर शिंतोडे उडतात ते वेगळेच. फार वाटलं तर मिठाच्या गार पाण्यातून एकदा काढून लगेच टिपा. लिंबू लावून ठेवू नका, वरचा थर लिंबातच पांढरा पडून कडक होतो.

ताजेपणाबद्दल: डोळे-कल्ले दिसत नसतील तर चकाकी बघा. ताजं मांस किंचित पारदर्शक, ओलसर चकचकीत. दुधट, कोरडं, पापुद्रे आधीच सुटायला लागलेले असतील तर नको. वास समुद्राचा यावा, अमोनियाचा नाही. आणि कॉड-हॅडॉक घरच्या फ्रीजरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. या कुळातल्या माशांमध्ये गोठलेल्या अवस्थेतही एक रासायनिक क्रिया हळूहळू चालू राहते. मांस चिवट, कापसासारखं होतं. पुष्कळ लोकांना कॉड आवडत नाही तो खरं तर असा जुना कॉड असतो.

शुद्ध_साबुदाणा

कॉड आणि हॅडॉक ओळखायचे कसे? (मला काय करायचंय, पण आता सवय लागली वाचायची.)

बर्गनवासी

साबुदाणा ताई, अख्खा असेल तर सोपं आहे. हॅडॉकच्या अंगावर काळी रेघ आणि खांद्यापाशी काळा ठसा, जणू कोणी शाई लावून अंगठा टेकवलाय. इथले लोक म्हणतात, सेंट पीटरने उचलला तेव्हा उमटलेला अंगठा. कॉडची रेघ पांढुरकी, अंगावर ठिपके आणि हनुवटीला एक मिशी. फिले असेल तर कातडं बघा, काळी रेघ म्हणजे हॅडॉक. चवीला हॅडॉक जरा गोडसर, पापुद्रे बारीक. कॉडचे पापुद्रे मोठे, जाड.

आता नॉर्वेची फुशारकी. हिवाळ्यात, जानेवारी ते एप्रिल, बॅरेंट्स समुद्रातून कॉड अंडी घालायला लोफोटेन बेटांकडे येतो. त्याला स्क्राई म्हणतात. एवढं पोहून आल्यामुळे मांस घट्ट. कालवणात मोडत नाही, शपथेवर सांगतो. तिथे लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या शेपटीला बांधून वाळत घालतात, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायको म्हणाली, "अय्या, वर्सोव्याच्या वलांड्या!" आपल्याकडे बोंबील वाळवतात तसंच अगदी, फक्त मासा मीटरभर लांब.

बोंबलाचा_फॅन

पुन्हा बोंबील! हा धागा माझाच आहे.

मांडवीपार

वाळवलेल्या कॉडचा विषय निघाला म्हणून. गोव्यात तो पोर्तुगीजांमुळे आला. बाकल्याव म्हणतात, खारवून सुकवलेला. नाताळात काही घरांत अजूनही होतो. दिवस-दीड दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो, नाहीतर तोंडात मीठागर. आमचे आजोबा म्हणत, समोर एवढा समुद्र असताना पोर्तुगीज हजारो मैलांवरून मासा आणत होते, यावरूनच समजायचं की ते इथे टिकणार नाहीत. पण ताटात दोनदा वाढून घेत.

नवी_अबर्डीनकरीण, तुमच्याकडे आर्ब्रोथची स्मोकी मिळत असेल ना? धुरावर शिजवलेला हॅडॉक. तिची किसमूर करा. सुकटीऐवजी स्मोकी कुस्करून, त्यात कांदा, ओलं खोबरं, तिखट, थोडी चिंच. वर कच्चं खोबरेल सोडलंत तर स्वर्ग. फक्त मीठ घालू नका, ती आधीच खारट असते.

तिरफळ

स्मोकीची किसमूर! मांडवीपार, तुमका देव बरा करो.

चार्ल्सकाठचा

अबर्डीनच्या दक्षिणेला फिंडन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या धुरी दिलेल्या हॅडॉकला फिनन हॅडी म्हणतात. आणि अशाच धुरी दिलेल्या हॅडॉकची इंग्रज केजरी करतात, म्हणजे आपली खिचडी! भात, अंडी, मासा, करी पावडर. हिंदुस्थानातून परत गेलेल्या साहेबांनी नेली आणि व्हिक्टोरियन काळात नाश्त्याला खाऊ लागले. डाळ मात्र वाटेतच कुठेतरी सांडली.

शुद्ध_साबुदाणा

खिचडीत मासा??? मी धागा सोडते.

ठाणे_स्लो

साबुदाण्याची खिचडी करून सूड घ्या ताई. पण खरंच, नाश्त्याला मासा-भात? आणि वर आपल्याला म्हणतात तुमच्या घरात वास येतो!

खारवलेली

वास या विषयावर नवा धागा काढा, मी पाचशे शब्द लिहीन. आमच्या आधीच्या घरमालकाची गोष्ट बाकी आहे. इथे नको.

बर्गनवासी

एक विसरलो. गाबोळी! हिवाळ्याच्या शेवटी कॉडची गाबोळी (अंड्यांची पिशवी) मिळते, हाताएवढी. नॉर्वेजियन ती कागदात गुंडाळून पाण्यात उकडतात. आम्ही उकडल्यावर गार करून चकत्या करतो, हळद-तिखट-मीठ, तांदळाचं पीठ, आणि तव्यावर. शेजाऱ्यांना एकदा दिली. आता ते फेब्रुवारीत स्वतःच गाबोळी आणून दारात उभे राहतात.

मत्स्यमुनी

गाबोळी खा, पण एक आठवण ठेवून. न्यूफाउंडलंडचा कॉड हा आमच्या विषयातला सगळ्यात दुःखद धडा आहे. १४९७ साली जॉन कॅबॉट तिकडे गेला तेव्हा टोपली बुडवली तरी मासे निघतात अशी वर्णनं युरोपात पोचली होती. १९९२ साली कॅनडाला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. दोन-चार वर्षांत मासा परत येईल असं वाटलं होतं. बंदी पूर्णपणे उठायला २०२४ उजाडलं आणि मासा अजून पूर्वीसारखा नाहीच. मोठ्या ट्रॉलरांनी अंडी घालणाऱ्या थव्यांवरच जाळी टाकली होती.

ठाणे_स्लो

एरवी मी टवाळी करतो, पण हे लागलं. माझं आजोळ सातपाटी. तिथले मच्छीमार किती वर्षं सांगतायत की तळहातापेक्षा लहान पापलेटं पकडू नका, विकू नका, विकत घेऊ नका. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं. मामा म्हणाला, छान झालं, आता फोटो लावायला उपयोगी. मी वर "फ्रोझन पापलेट" म्हणालो खरा, पण इथून तिकडे पाठवलेल्या पाकिटात बहुतेक बोटभरच असतात. नवी_अबर्डीनकरीण, तुम्ही हॅडॉकच शिका.

तिरफळ

ठाणे_स्लो गंभीर झालो! तारीख लिवन ठेवा.

चार्ल्सकाठचा

अवांतर: फिश अँड चिप्सवाल्या दुकानात अबर्डीनला "फिश" मागितलं तर काही न विचारता हॅडॉकच मिळतो, आणि लंडनला कॉड. एका स्कॉटिश सहकाऱ्याला मी कॉड चांगला म्हणालो तर तो दोन दिवस बोलला नाही. आपल्या पुणे-मुंबई वादासारखंच, पण तळलेलं.

नवी_अबर्डीनकरीण

मंडळी, तीन आठवड्यांनी उगवते आहे, क्षमस्व. मध्ये पाहुणे होते. वृत्तांत देते.

तळलेला हॅडॉक: पहिल्या शनिवारी मीठ लावून पाऊण तास ठेवला. ताटलीत खरंच पाणी जमलं, मी थक्क. तांदळाचं पीठ, मग रवा. तीन मिनिटं हात पाठीमागे बांधून उभी राहिले. चारांपैकी साडेतीन तुकड्या अखंड! अर्धी मीच अधीर होऊन मोडली. नवरा काही बोलला नाही, फक्त खात राहिला. हे आमच्याकडे प्रशस्तिपत्रक.

कालवण: पहिल्यांदा बरं झालं पण फिक्कं वाटलं. मग लक्षात आलं की बांगडा उकळताना आपलं तेल नि चव रश्श्याला देतो, हा काही देत नाही. दुसऱ्या वेळी मासेवाल्याकडून हॅडॉकची डोकी नि काटे मागून आणले (फुकट दिले!), वीस मिनिटं उकळून गाळले आणि त्या पाण्यात वाटण घातलं. वर तिरफळं ठेचून. तुकड्या शेवटी. हे मात्र जमलं. आईला दाखवलं तर म्हणाली, "रंग बरा आलाय. वास येतोय का?" म्हटलं, तिरफळाचा येतोय. "मग चालेल."

किसमूर अजून केली नाही, ओलं खोबरं संपलंय. सुकं चालेल का, मांडवीपार?

मांडवीपार

चालेल, कोमट दुधात भिजवून. पण आमच्या आईला सांगू नका.

खारवलेली

डोक्यांचं पाणी! हे मला सहा वर्षांत सुचलं नाही. आज माझी मुलगी म्हणणार, ममा इंटरनेटवर शिकते.

नवी_अबर्डीनकरीण

आता नवी अडचण. काल दुकानात हॅडॉकच्या जवळजवळ निम्म्या किमतीत एक मासा होता, मांस जरा करडं, म्हणून कोणी घेत नव्हतं. नाव विचारलं तर मुलगा म्हणाला "कोली". मी दोनदा विचारलं. कोलीच! घेऊन आले. आईला फोनवर म्हटलं, आज कोली आणलाय. ती म्हणाली, "कोळ्याकडून आणलास हे कळलं, पण आणलास काय?"

मत्स्यमुनी

कॉडचाच भाऊबंद. कच्चा करडा दिसतो, शिजला की पांढरा होतो. चव हॅडॉकपेक्षा ठसठशीत. तुमच्या आईला आवडेल.

बोंबलाचा_फॅन

मीठ लावून ठेवलात ना?

नवी_अबर्डीनकरीण

फ्रीजमध्ये आहे. पंचवीस मिनिटं झालीत.